मित्रांबरोबर गुलमर्गला स्कीइंग: खालचाच उतार बरा, की अफरवतवर जायचं?

टिळकवाडीकर
मंडळी, नमस्कार. हिमालयात स्कीइंग केलेली सीमाभागातली माणसं इथं किती आहेत ते बघायचंय, आणि आमच्या कंपूतल्या एका वादाचा निकालही लावून घ्यायचाय.

आमचा कंपू शाळेपासूनचा. कुणाचा उद्यमबागेत कारखाना आहे, कुणी बँकेत आहे, एकजण खानापूरकडं शेती बघतो. काही वर्षांमागं फेब्रुवारीत सगळे मिळून गुलमर्गला गेलो. सुरुवातीचे दिवस आदळआपट करण्यातच गेले. मग एका रात्री भरपूर बर्फ पडला आणि सकाळी आभाळ लख्ख निवळलं. गोल्फच्या मैदानाकडच्या बारक्या उतारावर आमच्याआधी कुणी पोचलं नव्हतं. अख्खा उतार कोरा.

ज्यांनी केलेलं नाही त्यांना सांगतो, निम्मी लढाई बुटाशी असते. प्लास्टिकचा कडक बूट, त्याला ओळीनं बकला. नडगी पुढच्या जिभेला टेकली पाहिजे आणि टाच आत जरासुद्धा उचलता कामा नये. मग चवडा स्कीवरच्या खाचेत घालायचा आणि टाच दाबायची. खट्ट आवाज आला की पाय बसला. आमचे उस्ताद टंगमर्गचे, पन्नाशीतले गृहस्थ. त्यांचं पालुपद एकच, "नीचे मत देखो, घुटना आगे." स्कीची पुढची टोकं जवळ, मागची फाकलेली, आतल्या कडा बर्फात दाबायच्या, की वेग मरतो. हे ऐकून ऐकून पाठ झालं होतं, पण पाय ऐकत नव्हते. त्या सकाळी ऐकले. एकेक करत सगळे वरून निघाले, वळणं घेत खाली आले आणि जिथं थांबायचं ठरलं होतं तिथंच थांबले. सगळ्यात शेवटी खानापूरचा दोस्त. तोवर तो रोज उस्तादांच्या अंगावरच जाऊन थांबायचा. तो स्वतःच्या पायांनी थांबला तेव्हा आम्ही एवढे ओरडलो की बाजूचे घोडेवाले काय झालं म्हणून धावत आले.

मग दिवसभर तोच उतार. वर जायला ओढलिफ्ट, बैठकीची चकती मांड्यांमधे धरायची आणि ती ओढत नेते. दुपारी कहवा आणि घरून नेलेलं गोकाकचं करदंट. ऊन उतरल्यावर बर्फ कडक व्हायला लागला तरी एकही गडी निघायला तयार नव्हता.

आता वाद असा. येत्या फेब्रुवारीत परत जायचं चाललंय. निम्मे म्हणतात, यंदा गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यानं अफरवतच्या डोंगरावर जाऊ आणि तिथनं स्की करत खाली येऊ. माझं मत ठाम आहे: यंदाही खालीच राहायचं, रीतसर कोर्स करायचा, सगळ्यांनी एकाच उतारावर दिवस काढायचा. जाणकारांनी बोलावं. आणि तुमचा लक्षात राहिलेला दिवसही सांगा, उत्तराखंडातल्या औलीचा असो की मनालीजवळच्या सोलंगचा.

निपाणीकर
पहिला नंबर! फोटो कुठायत वो?

कुंदाप्रेमी
लेखन झकास. पण बेळगावचा माणूस काश्मीरला जातो आणि कुंदा सोडून करदंट नेतो? निषेध.

टिळकवाडीकर
@कुंदाप्रेमी, कुंदाही होता. त्या थंडीत चमचा आत जाईना. करदंट खिशात राहतं, तुकडा तोंडात टाकून परत उभं राहता येतं. डिंक, गूळ, सुकामेवा, दमलेल्या माणसाला आणि काय पाहिजे.

@निपाणीकर, फोटो काढायला हातमोजे काढावे लागतात, आणि हातमोजे काढले की बोटं बधिर. जे आहेत ते रात्री टाकतो.

माहेर_शहापूर
आला का कुणीतरी आपल्या भागातला! मी मात्र औलीवाली. गढवाल मंडळ विकास निगमाचा कोर्स केला होता, सात दिवसांचा आणि चौदा दिवसांचा असे दोन असतात, मी मैत्रिणींबरोबर मोठा केला. ऋषिकेशहून जोशीमठ म्हणजे अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता. देवप्रयाग, रुद्रप्रयाग करत अख्खा दिवस गाडीत जातो. पण सकाळी उतारावर उभं राहिलं की समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर. गुलमर्गला झाडी सुंदर आहे, पण ही समोरासमोरची गाठ औलीतच.

माझा दिवस सांगते. आमच्या तुकडीत आम्ही चौघी सोडून सगळी पोरं विशीतली. आम्ही चाळिशीच्या. कोर्सच्या शेवटाकडं काठ्या रोवून वळणावळणाची वाट आखतात आणि त्यातून उतरायला लावतात. पोरं भर्रकन सुटली आणि निम्मी काठ्यांत अडकली. आम्ही बायका सावकाश, प्रत्येक वळणाला बाहेरच्या पायावर भार देत उतरलो आणि चौघीही शेवटपर्यंत पोचलो. सरांनी सगळ्या तुकडीला सांगितलं, "देखो, ऐसे उतरते हैं." त्या दिवशी रात्री जेवताना आमच्या चौघींच्या तोंडाचा पट्टा बंद नव्हता.

तेव्हा टिळकवाडीकर, तुमच्याशी सहमत. आधी कोर्स. उस्तादाचा हात धरून दोन तास घसरणं आणि शिकणं यात फार फरक आहे.

खट्याळ_गोकाक
करदंटाचा मान राखल्याबद्दल गोकाककरांच्या वतीनं आभार. आमच्याकडं धबधबा आहे, बर्फ तेवढा पडायचा बाकी आहे. पडला की सगळ्यांना इथंच बोलावतो, विमानाचं भाडं वाचेल.

राजहंस
मी विरोधी बाजू मांडतो. मी दुसऱ्या टप्प्यावरून उतरलोय, आणि माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस आहे.

गुलमर्ग २,६५० मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगडोरीला सोडतो. दुसरा २००५ चा, तो थेट अफरवतच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास. दार उघडून बाहेर आलं की वारा तोंडावर बसतो. समोर अख्खं खोरं, आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर नंगा पर्वत. तिथला बर्फ खालच्यासारखा दाबून सपाट केलेला नसतो. गुडघ्यापर्यंत भुसभुशीत. पहिलं वळण घेतलं आणि स्की दिसेनाशाच झाल्या, नुसतं तरंगल्यागत वाटतं. बरोबर स्थानिक वाटाड्या होता, माझा कोल्हापूरचा मित्र होता. खाली कोंगडोरीला पोचलो तेव्हा दोघंही बोलायच्या स्थितीत नव्हतो.

तेव्हा भीती घालून घेऊन घरात बसू नका. माणसानं एकदा तरी वर जावं.

टिळकवाडीकर
@राजहंस, वाचून हेवा वाटला. पण खरं सांगा, तुम्ही वर जाण्याआधी खाली किती शिकला होता?

राजहंस
बरंच. सोलंगला मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचा बेसिक, मग ॲडव्हान्स कोर्स. मग गुलमर्गला कोंगडोरीचे उतार. ते करूनच वर गेलो.

माहेर_शहापूर
म्हणजे तुम्ही टिळकवाडीकरांच्याच बाजूचे निघालात की हो!

राजहंस
तसं म्हणा हवं तर. पण ध्येय वरचं ठेवावं, एवढंच म्हणणं.

चिकोडीचा_पोरगा
हे सगळं ठीक आहे, आधी पोचायचं कसं ते सांगा की कुणीतरी. चिकोडी ते गुलमर्ग!

निपाणीकर
बेळगावला ये, सांबऱ्याहून दिल्लीचं विमान धर, दिल्लीहून श्रीनगर. नाहीतर आपली गोवा एक्सप्रेस, तुला घटप्रभेला नाहीतर रायबागला सोयीची पडेल, थांबा बघून घे. निजामुद्दीनपर्यंत बसल्या जागी जेवण, झोप, पत्ते. आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला थेट वंदे भारत सुरू झालीय, चिनाबच्या पुलावरून जाते. मला तर त्या पुलासाठीच जायचंय.

श्रीनगर ते गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. पण बर्फ पडला असेल तर टंगमर्गला गाडी बदलावी लागते, चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच वर सोडतात. ते शेवटचे १३ किलोमीटर. आणि मोबाईल पोस्टपेड पाहिजे, बाहेरचं प्रीपेड कार्ड तिकडं चालत नाही. माझ्या भावाला हे श्रीनगरला उतरल्यावर कळलं, घरचे दिवसभर काळजीत.

चिकोडीचा_पोरगा
धन्यवाद दादा. सगळं लिहून घेतलं.

सुभेदार_खानापूर
मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. या धाग्यावर बोलावं की नको असा विचार करत होतो, पण विषय वर जाण्याचा निघालाय म्हणून लिहितो.

स्कीइंग आम्ही केलं ते हौसेनं नाही. पाठीवर सामान, हातात हत्यार आणि पुढं जाणाऱ्याच्या मागावर माग. गुलमर्गला सैन्याचं उंचीवरच्या युद्धाचं प्रशिक्षण देणारं विद्यालय आहे, त्याची सुरुवात १९४८ मध्ये स्की स्कूल म्हणूनच झाली. तिथं पहिला धडा घसरायचा नसतो, पडायचा असतो. बाजूला पडायचं, मागं बसायचं नाही. मागं बसलास की स्की पळतात आणि गुडघा जातो. पडल्यावर स्की उताराला आडव्या करून मग उठायचं. हा धडा तुमच्या उस्तादांनी दिला असेलच.

आता बर्फाबद्दल. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ खिलनमर्गला प्रशिक्षण चालू असताना हिमस्खलन झालं आणि १७ जवान गेले. ती सगळी तरबेज, तयारीची माणसं होती. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचेनला सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाले, आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत गेले. आपल्या शेजारचं गाव. तेव्हा बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या किती घरांत टीव्ही बंद झाला नव्हता ते मला माहीत आहे. आमच्याकडं बर्फ म्हटलं की आईबायकांच्या डोळ्यांपुढं पोस्टिंग येतं.

म्हणून तुमचं लिहिणं वाचून बरं वाटलं. आपल्या भागातली माणसं बर्फात हसायला जातात, ओरडतात, करदंट खातात, हे झालंच पाहिजे. फक्त वर जायचं तर शिस्तीनं जा. ताजा बर्फ पडल्यावर लगेच उतारावर जायचं नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सगळ्यात दगाबाज, आणि स्की करायला माणसाला नेमका तोच आवडतो. प्रत्येकाच्या अंगावर बीकन, म्हणजे गाडला गेलेला माणूस शोधायला संदेश देणारं यंत्र, पाठीवर फावडं आणि शोधकाठी पाहिजे, आणि ती वापरायची सवय पाहिजे. गाडला गेलेल्या माणसाला पहिल्या १०-१५ मिनिटांत काढला तर आशा असते. तेवढ्या वेळात मदत खालून येत नाही. बरोबरचे मित्रच काढतात.

टिळकवाडीकर
सुभेदारसाहेब, हा प्रतिसाद मी कंपूच्या ग्रुपवर जसाच्या तसा टाकतोय. मनापासून आभार. बीकन आमच्यातल्या एकानंही हातात धरलेलं नाही.

हुक्केरीची_सून
साहेब, नमस्कार. माझे वडील तुमच्याच रेजिमेंटचे. लहानपणी ते रजेवर आले की पायाची बोटं दाखवायचे, थंडीनं काळी पडलेली. आम्ही बहिणी तेल लावून द्यायचो. गुलमर्गला जायचं ठरलं तेव्हा मी त्यांना विचारलं, पप्पा येताय काय? ते म्हणाले, "मी तिथं पोरांना घेऊन कधी गेलो नाही." आले. माझ्या मुलाला त्यांनीच पहिल्यांदा स्कीवर उभं केलं. उस्ताद बाजूला उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, "फौजी हो?" पप्पा म्हणाले, "मराठा." मग दोघांचं जे जुळलं, ते कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, मधे घेऊन संध्याकाळपर्यंत बोलत बसले. माझा लक्षात राहिलेला दिवस तो. मी स्वतः स्की पायात घातलीच नाही.

सुभेदार_खानापूर
ताई, वडिलांना माझा रामराम सांगा. कुठल्या बटालियनचे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कुंदाप्रेमी
डोळ्यांत पाणी आणलंत राव तुम्ही लोकांनी. कुंद्याचा निषेध मागे घेतो.

हाडांची_डॉक्टर
थोडं माझ्या धंद्यातलं. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये सुट्टीवरून परतलेले गुडघे आमच्याकडं येतात. तक्रार बहुतेक एकच: पडताना स्की एका बाजूला वळली, शरीर दुसऱ्या, आणि गुडघ्यातला लिगामेंट गेला. दुसरं दुखणं अंगठ्याचं. काठीचा पट्टा मनगटात तसाच ठेवून हातावर पडलं की अंगठा मागं खेचला जातो.

दोन गोष्टी पाळा. भाड्यानं स्की घेताना बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, तुमच्या वजनाप्रमाणं आणि तुम्ही किती शिकलाय त्याप्रमाणं लावून घ्या. ते फार घट्ट असेल तर पडल्यावर बूट सुटत नाही आणि पाय पिरगळतो. दुकानात गर्दी असते, पोरगा घाईत असतो, तरी उभं राहून करून घ्या. दुसरं, मांड्या तयार करा. भिंतीला पाठ लावून हवेत खुर्चीत बसल्यागत बसा, मिनिटभर टिकलं पाहिजे. जिने उतरण्याचा सराव चढण्यापेक्षा महत्त्वाचा. स्कीमध्ये मांडीला काम उतरतानाच पडतं.

आणि अफरवतला जाणाऱ्यांसाठी. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास साठ-बासष्ट टक्केच असतो. आपण साडेसातशे मीटरवर राहणारी माणसं. विमानानं उतरून दुसऱ्या दिवशी वर जाऊ नका. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर गोळी घेऊन थांबायचं नाही, खाली यायचं. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळं हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांनाही सनस्क्रीन लावा. गॉगलशिवाय दिवस काढला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यागत होतं.

खट्याळ_गोकाक
डॉक्टर, भिंतीला पाठ लावून बसलोय. हा प्रतिसाद तसाच बसून टायपतोय. संपवतो, मांड्या थरथरायला लाग

निपाणीकर
गेला वाटतं.

तिलारीचा_वारा
जरा वेगळा मुद्दा. बर्फ असतोय काय पण आता? आम्ही जानेवारी २०२४ मध्ये गेलो होतो. चिल्लई कलानचे ४० दिवस, म्हणजे २१ डिसेंबरपासूनची कडाक्याची थंडी, त्यातच गुलमर्गचे उतार उघडे, तपकिरी. गवत दिसत होतं. घोडेवाले, स्कीवाले, ढकलगाडीवाले सगळे हात बांधून बसलेले. बर्फ आला तो महिन्याच्या अखेरीस, आम्ही परत आल्यावर. पुढच्या वर्षीही तीच गत. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथं व्हायच्या होत्या, बर्फ नाही म्हणून पुढं ढकलून मार्चमध्ये घेतल्या.

आमचा टूरवाला मात्र "भरपूर बर्फ आहे साहेब" म्हणत राहिला आणि पैसे परत द्यायच्या वेळी फोन उचलेना. तारखा पक्क्या करायच्या आधी तिथल्या माणसाला फोन करून विचारा, आणि तिकिटं बदलता येतील अशीच काढा.

माहेर_शहापूर
औलीचंही तेच आहे. तिथं कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली, २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, पण बर्फच वेळेवर येईना तर काय करणार. त्यात जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचायला लागली. घरांना भेगा पडल्या, लोकांना राहती घरं सोडावी लागली, जोशीमठ ते औली हा चार किलोमीटरचा रोपवे बंद पडला. आम्ही ज्यांच्याकडं उतरलो होतो त्या काकूंच्या घराच्या भिंतीवरही खूण पडली होती. त्यांचा फोन आला तेव्हा मला काय बोलावं सुचेना. आपण दोन आठवडे मजा करून परत येतो. त्यांचं अख्खं वर्ष त्या एका हंगामावर असतं.

हुक्केरीची_सून
अवांतर होतंय, पण ढकलगाडीवाल्यांबद्दल बोलते. लाकडी फळीवर बसवून माणसं ओढणारे ते. बरेच लोक त्यांच्या नावानं खडे फोडतात, मागं लागतात म्हणून. मागं लागतात हे खरं. पण भाव आधी ठरवा, ठरलेला द्या, वर चहा पाजा. आम्हाला ज्यानं ओढलं तो पोरगा उन्हाळ्यात सफरचंदाच्या पेट्या उचलायला जातो.

राजहंस
+१. वाटाड्यांचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गला हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. ती मंडळी स्थानिक वाटाड्याशिवाय गेली होती अशा बातम्या होत्या. तिथल्या माणसाला कुठल्या घळीत काल वाऱ्यानं बर्फ साचवला ते ठाऊक असतं. त्याची मजुरी वाचवू नका. सुभेदारसाहेबांचा प्रतिसाद वाचून माझ्या आधीच्या "एकदा तरी वर जावं" या वाक्यात भर घालतो: स्की गस्त पथकानं उतार खुला केल्याशिवाय जाऊ नये.

चिकोडीचा_पोरगा
एक विचारू? आपल्यातल्या कुणाला यात पुढं जाता येतं काय? म्हणजे स्पर्धेत वगैरे?

माहेर_शहापूर
का नाही? टंगमर्ग भागातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला गेला होता. भारताचा तो एकटाच खेळाडू होता तिथं. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे काठ्यांमधून वळत उतरायच्या शर्यतीत, ४५वा आला. त्याच गुलमर्गच्या उतारांवर शिकलेला. पण त्याच्या घरासमोर बर्फ होता आणि त्यानं लहानपणीच सुरू केलं. तू आधी कोर्सला जा, मग बघू.

चिकोडीचा_पोरगा
जाऊलालो ताई!

संकेश्वरी
सगळं वाचून काढलं. मी स्की केलेली नाही, पण भाऊ जातोय तेव्हा बांधून काय द्यावं ते सांगा. आमच्याकडं मिरचीचा ठेचा आणि भडंग पक्कं आहे.

निपाणीकर
संकेश्वरीचा ठेचा असेल तर हीटर लागणार नाही.

टिळकवाडीकर
@संकेश्वरी, ठेचा जरूर द्या. तिकडच्या राजमा-भाताबरोबर आम्ही तो चोखून खाल्ला होता, आणि हॉटेलच्या स्वयंपाक्यानं उरलेला मागून घेतला. लोकरी मोजे मात्र दोन-तीन जोड बांधा, आणि बुटाच्या आत एकच घालायचा म्हणून सांगा. दोन घातले की रक्त अडतं आणि पाय जास्तच गारठतो.

आता मूळ विषयावर येतो. काल रात्री कंपू जमला होता, माझ्याच घरी. धाग्यातले प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले. सुभेदारसाहेबांचं वाचताना सगळे गप्प होते. वर जायचा सगळ्यात जास्त आग्रह ज्याचा होता त्यानंच विचारलं, "बीकन शिकवतात कुठं?" मग बराच वेळ वाद झाला, आवाज चढले, आमच्या हिनं दोनदा चहा केला. शेवटी ठरलं ते असं: गुलमर्गला केंद्रीय पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, तिथं सगळ्यांनी मिळून कोर्सला नाव घालायचं. कोर्स झाल्यावर उस्ताद म्हणाले तर कोंगडोरीला. अफरवतला गोंडोलानं बघायला जायचं आणि गोंडोलानंच परत यायचं.

दोघांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, वय वाढतंय, गुडघे वाट बघणार नाहीत. मला ते पूर्ण चूक वाटत नाही. पण ते दोघं वर आणि आम्ही खाली, असा दिवस मला नकोय. एकाच उतारावर सगळे पाहिजेत.

राजहंस
त्या दोघांना माझा नंबर द्या. मी बोलतो. पटलं नाही तर मीही फेब्रुवारीत तिकडंच आहे, कोंगडोरीला त्यांच्याबरोबर दिवस काढतो. तिथले उतारही त्यांना पुरून उरतील.

हाडांची_डॉक्टर
निर्णय आवडला. पण आतापासून मांड्या.

टिळकवाडीकर
होय डॉक्टर. येत्या रविवारपासून सकाळी सहाला राजहंसगड चढायचा आणि सावकाश उतरायचा, असं ठरलंय. येळ्ळूरच्या वेशीपाशी जमायचं. बेळगावातल्या कुणाला यायचं असेल तर या, स्कीइंगला येणार नसलात तरी चालेल.

सुभेदार_खानापूर
मी येतो. बीकन माझ्याकडं नाही, पण शोध कसा घ्यायचा ते गडाखालच्या गवतात दाखवतो. एकाचा मोबाईल लपवायचा, बाकीच्यांनी ओळीनं शोधायचा. वेळ मी लावणार.

खट्याळ_गोकाक
परत आलो. मिनिट काही झालं नाही, पण पन्नास सेकंद झाली. रविवारी येताना करदंट मी आणतो, पैसे घेणार नाही.

चिकोडीचा_पोरगा
पहिली बस कितीला असते चिकोडीहून? सहाला पोचायचं म्हणजे शनिवारीच मुक्कामाला यावं लागेल.

टिळकवाडीकर
शनिवारी माझ्याकडं ये. जेवायलाच ये.